एका दांडीचा ट्रान्समीटर

शहापूर, बेळगाव
१४ जुलै १९८६

अण्णा,

तुझा मस्कतचा पत्ता आईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. मी मागितला, तिने दिला, एवढंच.

पत्र कामाचं आहे, म्हणून कामाचंच लिहिते. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते हे तुला आईने सांगितलं असेलच. संध्याकाळी घरी रेडिओ आणि टीव्हीची दुरुस्तीही करते. गेल्या महिन्यात निपाणीचे ज्योतिबा म्हणून एक गृहस्थ आले. मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं, आणि रिमोटच्या मोटारींच्या शर्यतींचं भयंकर वेड. हातभर लांबीची मोटार मातीत धावते आणि चालवणारा बाजूला उभा राहून हातातल्या ट्रान्समीटरने ती चालवतो. आता कोल्हापूर, पुणे, गोवा असे हौशी लोक जमून याच्या शर्यती लावतात म्हणे. ज्योतिबांनी सिंगापूरहून दोन मोटारी आणवल्या होत्या. एकीच्या ट्रान्समीटरला उलट्या बॅटऱ्या लागल्या आणि तो जळाला. "दुरुस्त झाला तर गाडीसकट तुमचा, न्हाय झाला तर भंगारात घाला," असं म्हणून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

बोर्ड मी बराचसा उभा केला आहे. दोन गोष्टी अडल्यात आणि त्या इकडे कुठेच मिळत नाहीत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरही विचारून झालं.

पहिली, क्रिस्टलची जोडी. एक ट्रान्समीटरमध्ये, एक मोटारीत. कोणत्या लहरींवर चालायचं ते ही जोडी ठरवते, आणि लहरी तिच्या रंगावरून ओळखतात. जुनी जोडी लाल रंगाची होती आणि ज्योतिबांच्या दुसऱ्या गाडीचीही लालच आहे. दोन्ही एकदम चालू केल्या तर एकाच्या ट्रान्समीटरवर दुसऱ्याची गाडी पळेल. म्हणून वेगळ्या रंगाची, निळी किंवा हिरवी, पाठव.

दुसरी जरा वेगळी. या ट्रान्समीटरला दोन दांड्या असतात. डावी वरखाली होते, तिने वेग. उजवी आडवी हलते, तिने वळण. मला दोन्हींच्या जागी एकच दांडी हवी आहे, चारी दिशांना हलणारी. रिमोटच्या विमानांच्या सेटमध्ये तशी असते असं वाचलं. डाव्या हाताने चालवायची आहे. एका गिऱ्हाइकाला तशी हवी आहे.

तिकडे असली दुकानं पुष्कळ असतील. जमत नसेल तर तसं कळव, किंवा नाही कळवलंस तरी मी समजेन.

इकडे सगळं ठीक.

कल्याणी


शहापूर
५ ऑक्टोबर १९८६

अण्णा,

पार्सल पोचलं. क्रिस्टलच्या दोन जोड्या, निळी आणि हिरवी, आणि दांडी तर इतकी सुरेख की मी ती आधी नुसती टेबलावर ठेवून बघत बसले. मी एकच जोडी मागितली होती. दांडीला तू स्वतः तारा जोडून दिल्या आहेस हे टाके बघूनच कळलं. तुझ्यासारखे गोल, चकचकीत टाके अजून माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमलेले नाहीत. मलाही नाहीत.

सोबतच्या कागदावर तू एकच ओळ लिहिलीस. "गिऱ्हाईक डाव्या हाताने का चालवतं?"

गिऱ्हाईक नाही, अण्णा. भीमसेन आहे. माझा नवरा. तुझा मेहुणा.

आईने तुला सांगितलं नसणार. तुझ्या पत्रांना उत्तर देताना ती माझ्या घरातलं काही लिहीत नाही, तू वाचायचं सोडून देशील या भीतीने. म्हणून मीच लिहिते.

मागच्या वर्षी आषाढात भीमसेन जांबोटीची बस घेऊन परत येत होता. जंगलात एक झाड कोसळलं. पूर्ण आडवं पडलं असतं तर थांबता तरी आलं असतं. ते पडता पडता बसवर आलं आणि त्याची एक फांदी पुढची काच फोडून आत घुसली. उजवा हात तिथेच चिरडला. डाव्या हाताने त्याने स्टीअरिंग धरून ठेवलं आणि बस दरीकडून वळवून डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. गाडी भरलेली होती. कुणाला साधं खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याच्याबरोबर कंडक्टर होते, देवाप्पा म्हणून. ते अजूनही कुणालाही सांगतात, "गाडी थांबली, हँडब्रेक लागला, आन् मगच ह्यो बेशुद्ध पडला." हात कोपराखाली काढावा लागला.

आता तो डेपोच्या ऑफिसात असतो. सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहितो. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. पण ज्याने गाड्या चालवल्या त्याने खिडकीतून गाड्या सुटताना बघत बसायचं, हे काय आहे ते मला रोज संध्याकाळी त्याच्या तोंडावर दिसतं. घरी येतो, जेवतो, झोपतो. आमच्या लग्नावर रागावून तू त्याला कधी नीट भेटलाच नाहीस, म्हणून तू त्याला ओळखत नाहीस. तो बडबड्या माणूस होता, अण्णा. माझ्या सासूबाई, पारूबाई, निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करायच्या. त्या मला लग्नात म्हणाल्या होत्या, "पोरी, तुला कानात कापूस घालून ऱ्हावं लागंल."

जूनमध्ये ती मोटार टेबलावर आली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चाकं फिरवून बघितली. खालून बघितली. "डिफरेन्शियल हाय की गं हिला!" म्हणाला. इतक्या महिन्यांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. ज्योतिबांची चालू गाडी समोरच होती. त्यांनी हौसेने तिचा ट्रान्समीटर त्याच्या हातात दिला. त्याने डाव्या हाताने धरला. मग त्याच्या लक्षात आलं की दोन दांड्या आहेत. त्याने तो अगदी हळू, जपून, टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेला. ज्योतिबा बिचारे घामाघूम झाले.

त्या दिवशी मी ठरवलं. तुला "गिऱ्हाईक" लिहिलं कारण त्याचं नाव वाचून तू पत्र बाजूला ठेवशील असं वाटलं.

आता नाव कळलं. दांडी परत हवी असेल तर कळव. पण सांगून ठेवते, ती मी कालच बसवली आहे.

कल्याणी


शहापूर
२८ डिसेंबर १९८६

अण्णा,

तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं! त्यात भीमसेनबद्दल एक शब्द नाही, सगळं गाडीतल्या विजेच्या मोटरच्या ब्रशांबद्दल आणि कपॅसिटरबद्दल आहे. तरी मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मानूस अभ्यासानं लिवतो."

तुझं निदान बरोबर निघालं. गाडीतल्या रिसीव्हरला थरकाप सुटत होता तो मोटरच्या ठिणग्यांमुळेच. मोटरच्या टोकांवर तू सांगितलेस तसे तीन कपॅसिटर लावले, एरियलची तार बॅटरीपासून लांब नेली, आणि गाडी जी शांत झाली म्हणतोस! असा ट्रान्समीटर चालवायला लागणाऱ्या परवान्याचं ज्योतिबांनी पाहिलं.

पण खरी गंमत पुढे झाली. जवळच्या मच्छे गावाला औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक मोकळा माळ आहे. रविवारी आम्ही तिथे जातो. ट्रान्समीटरला मी पट्टा लावला आहे. तो गळ्यात अडकवायचा, डबा पोटाशी टेकतो, उजव्या कोपराने तो दाबून धरायचा आणि डाव्या अंगठ्याने दांडी. पहिल्या रविवारी गाडी सुटली की उजवीकडे ओढायची. ट्रिमच्या कडीने, म्हणजे दांडी सोडल्यावर चाकं सरळ राहावीत म्हणून जी बारीक कडी असते तिने, मी ती सरळ केली. हळू चालवली की सरळ, वेग दिला की पुन्हा उजवीकडे. चाकं वळवणारा सर्व्हो बदलून पाहिला, चाकांचे सांधे पाहिले, सगळं खोललं आणि पुन्हा जोडलं. तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी भीमसेन वैतागला. "ऱ्हाऊ दे, कल्याणी. तुजं मशिन बरूबर हाय. माजाच हात न्हाय बरूबर."

मला इतका राग आला की मी त्याच्या हाताकडेच बघत राहिले. आणि मग दिसलं. अण्णा, तुझा डावा हात समोर धर आणि अंगठा वर ढकल. तो सरळ वर जात नाही. तिरका जातो, उजवीकडे झुकून. भीमसेनला वाटे तो दांडी सरळ वर नेतोय, पण प्रत्येक वेळी वेगाबरोबर थोडं वळणही जात होतं. दोन दांड्या असतात तेव्हा हे कुणाला कळतच नाही, कारण वेगाची दांडी आडवी हलूच शकत नाही.

हात कशाला बदलायचा? मी डबा बदलला. दांडीचे चारी स्क्रू काढले, अख्खी दांडी त्याच्या अंगठ्याच्या रेषेत थोडी फिरवली आणि नवी भोकं पाडून तिरकी बसवली. आता ट्रान्समीटर बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी दारू पिऊन जोडलाय. "आता ढकल," म्हटलं.

त्याने ढकलली. गाडी माळावर सुतासारखी सरळ गेली. पार टोकाच्या बाभळीपर्यंत. तिथे त्याने वेग सोडला, वळवली, आणि तितकीच सरळ आणून माझ्या पायाशी उभी केली. मग पुन्हा नेली. पुन्हा आणली. मग दगड मांडून त्यातून वळणं घ्यायला लागला. मी खाली गवतात बसले होते. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की तो बोलतोय. गाडीशी. "हां, आता दम धर... हळू... आता चल, चल गं माजे राणी!"

कापूस लागणार बहुतेक, असं मी पारूबाईंना पोस्टकार्ड टाकलं आहे.

पंधरा फेब्रुवारीला कॅम्पाजवळच्या मैदानावर शर्यत आहे. ज्योतिबांनी आमचं नाव दिलं. भीमसेन "बघू" म्हणतो. रात्री मी झोपले असं समजून अंगठा हवेत हलवत असतो.

तुझी
कल्याणी


शहापूर
१६ फेब्रुवारी १९८७

अण्णा,

जिंकलो! आधी हे लिहिते, म्हणजे तू पुढचं सावकाश वाचशील. भीमसेन जिंकला, आम्ही जिंकलो, तुझी दांडी जिंकली!

आता सगळं सांगते. माझा घसा बसलाय, त्यामुळे तसंही लिहिण्यावाचून इलाज नाही.

सकाळी पारूबाई निपाणीहून आल्या, नवी इरकल नेसून. देवाप्पा कंडक्टर सुटी टाकून आले, तेही खाकी ड्रेस घालून, गळ्यात शिट्टी. मैदानावर लाल मातीचा ट्रॅक आखला होता, वळणावळणाचा, मध्ये दोन उंचवटे. भोवती ही गर्दी. पुणे, कोल्हापूर, हुबळी, मडगाव. चालवणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांचा मंच. प्रत्येकाच्या एरियलवर आपापल्या क्रिस्टलच्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे एका रंगाचे दोघे एकाच फेरीत येत नाहीत. आम्ही निळी बांधली.

नोंदणीच्या टेबलावरच अडलं. पुण्याचे एक इंजिनिअर होते, मागच्या वर्षीचे विजेते. त्यांनी आमचा तिरक्या दांडीचा डबा पाहिला आणि पंचांना म्हणाले, "हा घरी जोडलेला ट्रान्समीटर आहे. लहरी भलतीकडे पसरल्या तर सगळ्यांच्या गाड्या उधळतील. माझी हरकत आहे." पंच गोंधळले. एक जण हळूच म्हणाला, "शिवाय यांना एकच हात... उगीच कुणाला लागलं तर?"

भीमसेन पट्टा गळ्यातून काढायला लागला. मी तो धरला आणि पंचांना म्हटलं, "हरकत योग्य आहे. मीही घेतली असती. बाकी प्रत्येक रंगाची एक गाडी, तिचा ट्रान्समीटर चालू करून, ट्रॅकवर ठेवायला सांगा. आमच्यामुळे एकाही गाडीचं चाक हललं, तर आम्ही घरी जातो."

ओळीने गाड्या लागल्या, प्रत्येक वेगळ्या रंगाची. घरी मी सगळं मोजलं होतं, पण घरी इतक्या गाड्या कुठे होत्या? भीमसेनने बटण दाबलं आणि दांडी गरागरा फिरवली. आमची गाडी जागच्या जागी नाचली. बाकी एकीचंही चाक हललं नाही. त्याने पुन्हा फिरवली, जरा जास्तच वेळ, मुद्दाम. पुण्याचे इंजिनिअर स्वतः खाली बसून बघत होते. उठले आणि म्हणाले, "हरकत मागे घेतो. उतरा तुम्ही."

पहिल्या फेरीत मात्र आम्ही जवळजवळ बुडालो. मंचावर चढताना भीमसेनचा डबा कठड्याला घासला आणि ट्रिमची कडी सरकली. गाडी सारखी डावीकडे. सुरुवातीलाच दोनदा ट्रॅकच्या टायरांवर आपटली. एक हात दांडीवर, ट्रिम सरळ करायला दुसरा कुठून आणायचा? पूर्ण फेरी तो उलटं वळण देत देत चालवत राहिला आणि निवडलेल्यांत शेवटचा येऊन कसाबसा अंतिम फेरीत गेला. खाली आला तेव्हा शर्ट भिजला होता. पण घाबरला नव्हता. मला म्हणाला, "एका बाजूला ओढणारी गाडी आमी डेपोत रोज चालवत हुतो. तेवडी कडी पक्की कर, बस्स." मी ट्रिम जागेवर आणली आणि वरून चिकटपट्टीचे तीन वेढे दिले.

अंतिम फेरीआधी धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं, आणि जरा जास्तच झालं. ट्रॅकचा नुसता राडा. बाकीचे कुरकुरायला लागले. पुण्याचे इंजिनिअर थोडा वेळ थांबू या म्हणाले. मी भीमसेनकडे पाहिलं तर तो हसत होता. पूर्ण तोंडभर. "कल्याणी, ही तर जांबोटीची वाट झाली की गं!"

झेंडा पडला. देवाप्पांनी शिट्टी मारली आणि सगळ्या गर्दीवरून ओरडले, "रैऽऽट! रैट रैट!"

सगळे सुसाट सुटले आणि पहिल्याच वळणावर सगळे घसरले. आमची गाडी सगळ्यात मागे, पण सरळ. तो वळणाआधीच वेग सोडायचा, चिखलात चाकं बसू द्यायचा, आणि वळणाचा शेवट दिसला की मग गाडी मोकळी सोडायचा. कुठे घाई नाही. एकेक गाडी मागे पडत गेली. एक उलटली, एक टायरांत अडकली, मडगावच्या दोन उंचवट्यावर एकमेकींवर चढल्या. ज्योतिबांची स्वतःची गाडी चिखलात रुतून बसली, तर ते तिच्याकडे बघेनातच, "भीमसेन, आतून! आतून घे!" करत आमच्या बाजूने ओरडत होते.

शेवटच्या दोन चकरांत फक्त पुण्याची गाडी पुढे उरली. सरळ पट्ट्यावर ती आमच्यापेक्षा वेगवान, वळणावर आम्ही. पारूबाई मंचाखाली उभ्या राहून ओरडत होत्या, "आरं भीमा, हॉर्न मार की! वाट देत न्हाय त्यो!" आजूबाजूचे हसले, पण त्यांचंही लक्ष ट्रॅकवरून हलत नव्हतं.

शेवटच्या वळणावर पुण्याची गाडी किंचित बाहेर घसरली. आतल्या बाजूला एका गाडीपुरती जागा झाली, तीही चिखलाची. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. भीमसेनचा अंगठा दिसत होता मला. दांडी अगदी थोडी, केसभर, डावीकडे. मग सरळ वर, शेवटपर्यंत. आमची गाडी त्या फटीतून गेली, पुण्याच्या गाडीच्या चाकाला चाक लावून, आणि शेवटच्या रेषेवर अर्ध्या लांबीने पुढे निघाली.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. देवाप्पा शिट्टी फुंकत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. पारूबाईंनी मला उचललं. खरंच उचललं, अण्णा, या वयात! भीमसेन मंचावरून उतरला तो माझ्याकडे न येता आधी ट्रॅकवर गेला, चिखलाने माखलेली गाडी उचलली आणि छातीशी धरली. त्याचा पांढरा शर्ट गेला तो गेलाच.

पंचांनी माईक त्याच्या तोंडासमोर धरला. "आपलं नाव? आपण काय करता?"

तो म्हणाला, "भीमसेन. ड्रायव्हर."

पुण्याचे इंजिनिअर येऊन त्याच्या डाव्या हाताशी हात मिळवून गेले. मग माझ्याकडे आले आणि डबा मागून घेतला, सगळीकडून पाहिला. "बाई, ही दांडी तिरकी का आहे?" मी सांगितलं. त्यांनी आपला अंगठा हवेत वर ढकलून पाहिला, दोनदा, आणि खो खो हसले. "माझाही सेट अशा तऱ्हेने लावून द्याल?" म्हणाले. कोल्हापूरचे दोघे तर आज सकाळीच ट्रान्समीटर घेऊन दारात हजर. आमची गल्ली मागांच्या खडखडाटाची, पत्ता सापडायला त्यांना तासभर लागला. शेवटी "ती मोटारवाली कल्याणीबाई" म्हटल्यावर एका विणकराने आणून सोडलं.

मेमध्ये पुण्याला मोठी शर्यत आहे. भीमसेनने आज डेपोत रजेचा अर्ज दिला. साहेबांनी अर्ज न वाचताच सही केली आणि स्वतः उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली, असं देवाप्पा सांगतात. देवाप्पांचं अर्धं धरून चालायचं, पण अर्धं तरी खरं असेल.

आत्ता तो शेजारी बसून गाडीच्या चाकांतला चिखल ब्रशाने काढतोय आणि सकाळपासून तिसऱ्यांदा मला शेवटचं वळण सांगतोय, जणू मी तिथे नव्हतेच. मी विचारलं, "अण्णाला पत्र लिहितेय. तुझ्याकडून काय लिहू?"

त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "लिव, उन्हाळ्यात सुट्टी घेऊन या म्हणावं. आन् येताना तिकडची एक गाडी घेऊन या, चांगल्यातली चांगली. मच्छ्याच्या माळावर दोघं लावू. पावनं म्हणून सोडनार न्हाय, हरवनार. पन पयल्या वळनापातूर पुढं जाऊ दीन."

तुझी
कल्याणी